वळचणीखालचे आप्पा

चहा अर्धा झाला होता तेव्हा उत्तरेश्वरला टपरीच्या भिंतीवर आपला बाप दिसला. खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि शेगडीचा धूर यांच्या मधल्या जागेत, प्लास्टिकच्या सोनेरी चौकटीत, कपाळाला अष्टगंध आणि डोक्यामागे पिवळंधमक वलय. आधी त्याला वाटलं, दुसराच कुणी असेल. असे फेटेवाले, गालफडं बसलेले म्हातारे बीडच्या बसस्टँडवर दर बाकड्यावर भेटतात. पण डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, गोऱ्ह्याच्या शिंगानं फाटलेली, आणि फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर उरलं होतं. निळ्या चौकड्याच्या शर्टाचं कोपर. तो शर्ट उत्तरेश्वरचा होता. दूध सोसायटीच्या वार्षिक सभेत बापलेक शेजारी उभे राहिले होते तेव्हाचा हा फोटो. लेकाला कापून काढून बापाला महाराज केलं होतं, आणि कापणाऱ्याचा हात हलल्यामुळे लेकाचं कोपर तेवढं आत राहून गेलं होतं.

"हे कोण?" त्यानं विचारलं. आवाज साधा ठेवायला त्याला जोर लावावा लागला.

"आप्पा महाराज," टपरीवाला गाळणं आपटत म्हणाला. "चौसाळ्याच्या आतल्या अंगाला समाधी हाय त्यांची. दुधाचे महाराज. आमची म्हैस आटली व्हती. मेव्हन्यानं हा फोटू आनून दिला, दुसऱ्या दिशी तांब्याभर उतरली."

"तांब्याभर?"

"बरं, अर्धा म्हना. तुमी प्रोफेसर लोकं लई शंका काढता बगा." तो हसला, मग गिऱ्हाईक बरं दिसतंय म्हणून खाली वाकून बोलला, "सोमवारी जाऊन या की. समाधी वळचनीतून काढून आत घेनारेत. मोठा कारेक्रम हाय म्हने."

उत्तरेश्वर परत फोटोकडे बघायला लागला. समाधी आत घेणार, आणि ही बातमी त्याला, ज्यानं आपल्या हातानं बापाची राख त्या मातीत ठेवली त्याला, टपरीवर कळते! म्हणजे गावानं परस्पर ठरवलं. म्हणजे यात काहीतरी आहे. सोसायटीचा आताचा चेअरमन शहादेव, त्याचे फोन गेले दोन आठवडे येत होते हे खरं, पण ते त्यानं उचलले नव्हते. चेअरमनचा फोन म्हणजे वर्गणी, नाहीतर कुणाच्या तरी पोराची अॅडमिशन. संशय हा त्याचा धंदाच होता. इतिहासाच्या पहिल्या तासाला तो फळ्यावर लिहायचा, 'कोण सांगतो आहे, आणि का सांगतो आहे?' वर्गात बसलेली पाचसहा पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि परत कधी तोंड दाखवायची नाहीत. पण त्याला स्वतःला ते वाक्य असं काही लागलं होतं की दूधवाल्याकडून मिस्तरीपर्यंत सगळ्यांकडे तो त्याच डोळ्यानं बघायचा. बायको म्हणायची, तुम्ही आरतीचं तबक आलं तरी खालून बघाल, तेल कुठलं आहे म्हणून. बघेन. का बघू नये? आणि आत्ता तर टपरीच्या भिंतीवर आख्खा बाप टांगलेला होता. कोण सांगतंय, आणि का सांगतंय? उरलेला चहा त्यानं तसाच ठेवला.

कारण या बाबतीत त्याला एकट्याला एक गोष्ट माहीत होती. निदान आजवर तो तसं धरून चालला होता. बापाला त्यानं मरताना केलेल्या ज्या एका मागण्यामुळे गावानं संत ठरवलं, ते मागणं बापाचं नव्हतंच. ते उचललेलं होतं. हजार वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बिशपाकडून उचललेलं, आणि ते उचलायला दिलं होतं खुद्द उत्तरेश्वरनं. नोकरी नवी होती तेव्हाची दिवाळी. अंगात मास्तरकी नुसती उकळत होती, घरात कुणी ऐकून घेणारं सापडलं की तो सुरू व्हायचा. आप्पा तेव्हा सोसायटीचे चेअरमन होते; ते सोसायटीतून आले, ओट्यावर बसून पाय चोळायला लागले आणि म्हणाले, "काय शिकवायलास बे पोरांला?" आप्पांनी त्याला असं काही विचारण्याची ती पहिली खेप. आप्पांना त्याच्यासाठी वेळ कधी होता? पहाटे दूध, दिवसा दूध, सांजेला दूध. गावातल्या कुठल्या म्हशीच्या पोटात काय आहे हे त्यांना ठाऊक, आपला पोरगा कितवीत आहे हे मायला विचारायचे. म्हणून मग उत्तरेश्वरला सुचेल ते तो सांगत सुटला. त्या आठवड्यात लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात एका संताची हकिकत वाचली होती, ती त्यानं सांगितली. विंचेस्टर नावाचं गाव, तिथला स्विदन नावाचा बिशप. बिशप म्हणजे काय? तर मठाधिपती समजा, पण जमिनी, कारभार, राजाला सल्ला, सगळंच त्याच्याकडे. चेअरमनच म्हणा ना! हे ऐकून आप्पा हसले होते. हा बिशप घोडा असून पायी फिरायचा. पंगतीला श्रीमंतांना सोडून गरिबांना बोलवायचा. नदीवर त्यानं पूल बांधला, आणि त्याच पुलावर कामगारांनी एका बाईची अंड्यांची टोपली पाडली, तर बिशपानं फुटलेली अंडी परत सांधून दिली. मरताना म्हणाला, मला देवळात पुरू नका. बाहेर पुरा, जिथं वळचणीचं पाणी पडेल आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागतील. पुढं शंभर वर्षांनी लोकांनी त्याला उचलून आत नेलं, तर म्हणे तो रागावला आणि चाळीस दिवस पाऊस कोसळला. "खुळे लोक," उत्तरेश्वर म्हणाला होता आणि मोठ्यानं हसला होता, "अजून त्या तारखेला आभाळाकडं बघतात!" आप्पा हसले नव्हते. "किती दिवस म्हनलास?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि चप्पल पायात सरकवून गोठ्याकडे गेले. तेव्हा त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याचं लक्षच नव्हतं.

लक्ष कसं नव्हतं? सगळं लक्ष होतं! पुढच्या उन्हाळ्यात आप्पांनी सोसायटीची जीप सोडली आणि गावोगाव पायी हिंडायला लागले. मग सोसायटीच्या वर्धापनदिनाला तालुक्याच्या पुढाऱ्यांना बोलवायचं बंद झालं. पंगतीला ऊसतोडीहून परतलेल्या टोळ्या बसायला लागल्या. मग ओढ्यावर नळ्यांचा पूल. मग सारजाबाईच्या सांडलेल्या दुधाची कहाणी गावात फिरायला लागली: सोसायटीच्या माणसाचा धक्का लागून तिचा कॅन लवंडला, आप्पांनी हात फिरवला आणि दूध परत कॅनात आलं. सुट्टीला गावी गेला की उत्तरेश्वर हे एकेक ऐकायचा आणि मनातल्या मनात पुस्तकाशी ताडून बघायचा. पायी फिरणं, पंगत, पूल, अंड्यांच्या जागी दूध. बाप माझ्या पुस्तकाची नक्कल करतोय, आणि कुणाला पत्ता नाही! बोलायचं तरी कुणाशी? आणि शेवटी ते मरण. खाटेभोवती गाव जमलेलं, आप्पांचा आवाज बसलेला, तरी शब्द स्वच्छ आले. "माझी राख शेतात नगं, देवळापशी नगं. सोसायटीच्या वळचनीखाली ठिवा. पागोळ्या पडू द्या, लोकांचे पाय पडू द्या." बाया रडायला लागल्या. पुरुषांनी फेटे काढले. उत्तरेश्वरच्या डोळ्यांत मात्र टिपूस आलं नाही, कारण आप्पा त्याच्याकडे टक लावून बघत होते, हा आता काही बोलतोय का याची वाट बघितल्यासारखे. तो बोलला नाही. पण बापाच्या मरणाच्या घडीला आपल्या मनात दुःख यायच्या आधी संशय आला, ही गोष्ट त्याला पुढं कधी गिळता आली नाही, आणि त्याचा रागही त्यानं बापावरच काढला.

रविवारी तो एस्टीनं चौसाळ्याला उतरला आणि तिथून जीपनं गावाकडे निघाला. मृग कोरडा गेला होता, आर्द्राही कोरड्या गेल्या होत्या. दोन्ही बाजूला नांगरून ठेवलेली रानं पांढरी पडली होती. चारा छावणीच्या बांबूंना बांधलेली जनावरं जीपच्या आवाजालाही माना वळवत नव्हती. शेजारी बसलेला माणूस टँकरबद्दल बोलत होता, उत्तरेश्वर हूं हूं करत होता आणि मनात भाषण जुळवत होता. उद्या सगळ्यांच्या देखत सांगायचं. मंडळी, हे मागणं आप्पांचं नव्हे. हा अमक्या देशाचा, अमक्या काळातला बिशप. झालं! शहादेवची इलेक्शन आली असणार, आप्पांना संगमरवरात बसवून त्यांच्या नावावर मतं मागायची असणार. एका वाक्यात सगळा मांडव खाली येईल. हे वाक्य त्यानं इतकी वर्षं कशासाठी सांभाळून ठेवलं होतं ते त्याला आता कळल्यासारखं वाटलं. पण जीप ओढ्यावरच्या पुलावर आली, नळ्यांमधून कोरडी वाळू दिसली, आणि त्याच्या मनात भलतंच आलं: समज, उद्या आप्पांना हलवलं आणि खरंच पाऊस पडला तर? तो दचकला. असलं काही आपल्या डोक्यात येतं कसं? त्यानं स्वतःकडेही त्याच डोळ्यानं बघितलं, आणि नजर खिडकीबाहेर नेली.

गावात शिरताना त्याला पहिली गोष्ट खटकली ती ही की मांडव कुठं नव्हताच. बॅनर नाही, कर्णा नाही. सोसायटीच्या इमारतीसमोर चारदोन माणसं बसलेली, तो दिसताच बोलणं थांबलं. पत्र्याच्या वळचणीखाली राखेवर बसवलेली ती शहाबादी फरशी होती तशीच होती, पायांनी गुळगुळीत झालेली, एका कोपऱ्याला हळदकुंकू. फरशीच्या कडेनं माती काळीओली दिसत होती. कॅन धुतलेलं पाणी तिथूनच वाहायचं. आख्ख्या गावात तेवढीच ओली जागा असावी. शहादेव लगबगीनं उठला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात मोबाईल.

"सर, आलाव का! फोन उचलायला तुमी तयार न्हाई. म्हनलं आता मानूस धाडावा लागतोय का काय."

"मला टपरीवर कळलं," उत्तरेश्वर म्हणाला. "बीडमध्ये. परक्या माणसाकडून."

"बरं झालं, कळलं तर." शहादेव ओशाळला, पण तेवढाच. "उद्या सकाळी पहिली पहार तुमची. ज्यानं ठिवलं त्यानंच उकलायचं, आसा रिवाज हाय. तुमी न्हाई म्हनलाव तर आमाला हात लावता येत न्हाई."

"आणि मंदिर कुठं बांधताय?"

"मंदिर कशाचं? ह्या खोलीत ठिवायचं." त्यानं मागची खोली दाखवली. पूर्वी तिथं दूध थंड करायचं यंत्र होतं. आता जनावरं छावणीत, दूध दोनचार कॅनांपुरतं, यंत्रही कुठंतरी गेलेलं. शेणानं सारवलेली रिकामी जमीन आणि मधोमध नुकताच खणलेला खड्डा.

"मग हलवताय कशाला?"

शहादेवनं बसलेल्यांकडे बघितलं. बसलेल्यांनी जमिनीकडे बघितलं. "आता तुमाला काय सांगायचं, सर," तो म्हणाला आणि टँकर आला का ते बघायला म्हणून निघून गेला. उत्तरेश्वर तिथंच उभा राहिला. लपवतात. सगळेच लपवतात! घरी आला तर तिथंही तेच. माय, कौशल्याबाई, चुलीपाशी बसली होती, आणि शेजारची म्हातारी सारजाबाई तिच्या कानाशी लागली होती. तो उंबऱ्यात दिसताच दोघी गप्प झाल्या. मायनं त्याच्यापुढं अर्धा तांब्या पाणी ठेवलं, पाय धुवायला वेगळं दिलं नाही, आणि कधी नव्हे ते त्याच्या नजरेला नजर न देता म्हणाली, "दमला आसशील. भाकर टाकते."

"माय, हे काय चाललंय?"

"मला काय इचारतोस? गावानं ठरीवलंय."

"तुला मंजूर आहे? आप्पांनी मरताना काय मागितलं होतं? पागोळ्या पडू द्या, पाय पडू द्या. आणि तुम्ही उचलून आत ठेवणार?"

माय पीठ मळत राहिली. सारजाबाई तोंडाला पदर लावून त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला वाटलं, ही हसतेय. आपल्यालाच हसतेय. त्या सांजेला तो एकटाच रानात गेला. विहिरीच्या तळाला भेगा पडलेला चिखल होता. याच विहिरीच्या काठावर आप्पा एकदा त्याच्या शेजारी नुसते बसले होते, दहावीच्या निकालानंतर. बोलले काहीच नव्हते, फक्त खिशातून शेंगा काढून सोलून देत होते. ही आठवण त्याच्या हिशोबात कुठंच बसत नसे, म्हणून तो ती मागं सारायचा. आज ती मागं जाईना. शेंगा सोलणारा तो माणूस खरा की वळचण मागणारा? नक्कल करणाऱ्याचं खरं काय उरतं? तो बाप होता तरी का, का नुसता चेअरमन? त्याला एकदम फार एकटं वाटलं, आणि त्यानं ठरवलं, उद्या बोलायचंच.

सकाळी गाव जमलं ते गुपचूप जमलं. हलगी नाही, भजन नाही. बाया डोक्यावर पदर घेऊन भिंतीला उभ्या, पुरुष उकिडवे. प्रत्येक घरातून कुणीतरी आलं होतं आणि सगळ्यांचे चेहरे, उत्तरेश्वरच्या लक्षात आलं, चोरीला निघाल्यासारखे होते. शहादेवनं पहार त्याच्या हातात दिली. पहार जड होती आणि रात्रीची गार. उत्तरेश्वरनं ती फरशीला न लावता जमिनीवर उभी केली.

"मला आधी बोलायचंय," तो म्हणाला. "आप्पांना तुम्ही महाराज करताय. फोटो विकताय. दूध परत कॅनात आलं म्हणताय. ऐका मग. हे मागणं आप्पांचं नव्हतं. हजार वर्षांखाली साता समुद्रापलीकडं एक बिशप होऊन गेला..."

"स्विदन म्हाराज," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याला वाटलं, आपल्याला भास झाला. भिंतीजवळच्या बायांत खसखस पिकली. शहादेव घसा खाकरत म्हणाला, "सर, ते आमाला ठाऊक हाय की. आप्पा रोज सांगायचे. सकाळी मापाला रांग लागली की हितं ह्या ओट्यावर बसून. पायी फिरनारा, गरिबाची पंगत, अंडी सांधली, सगळं. आमच्या उत्रेश्वरनं सांगितलेली गोष्ट, आसं म्हनूनच सुरू करायचे."

"लाज आनली व्हती आमाला त्या बिशपानं," एक म्हातारा म्हणाला. "जीपमधी बसले की आप्पाच सोताला म्हनायचे, बिशप पायी जातोय आन मी बसलोय!"

उत्तरेश्वरच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्यानं जे गुपित म्हणून छातीशी धरलं होतं, ते मापाच्या रांगेत पोराटोरांना पाठ होतं. "आणि दूध?" तो कसाबसा म्हणाला. "सांडलेलं दूध?"

सारजाबाई पुढं आली. तिला नीट उभं राहता येत नव्हतं, तिनं पहारीचंच टोक आधाराला धरलं. "ते लोकायनी वाढिवलं रे बाबा. माझा क्यान लवंडला, मी बसले रडत. आप्पा घरला गेला, तुमच्या म्हशीचं दूध घिऊन आला आन वतलं माझ्या क्यानात. म्हनला, सारजा, उत्रेश्वरच्या बिशपानं अंडी सांधली. मला सांधाया येत न्हाई, वताया तर येतंय. आसं झालतं ते. त्या दिशी तुमच्या घरात कुनी च्या प्याला न्हाई. इचार तुझ्या मायला."

माय भिंतीजवळ उभी होती. तिनं मान डोलावली.

"मग हलवताय कशाला?" उत्तरेश्वरचा आवाज चिरका आला. त्याला तो आवडला नाही. "त्याला बाहेर राहायचं होतं. पायाखाली राहायचं होतं. एवढं एक तरी त्याचं राहू द्या ना!"

"त्याला कशाची आलीय हौस पायाखाली पडायची?" सारजाबाई म्हणाली. "त्याला देवळापशी पिंपळाखाली जागा पायजे व्हती. लई मन व्हतं त्याचं तिथं. पन म्हनला, पैल्यांदाच तिथं ठिवलं तर मंग हलवताल कुठं?"

उत्तरेश्वरला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि पहारीवरची त्याची मूठ सैल झाली.

शहादेव खाली बघत, जमिनीवर पायानं रेघ ओढत सांगायला लागला. पाऊस नसला की महादेवाचा गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडवायची, देवाचा जीव कोंडला की तो पाऊस सोडतो, हे वाडवडिलांपासून आहे. "पन देवाला बुडवायला बी पानी लागतंय, सर. टँकरचं पानी बायांच्या घागरीत पुरंना, ते गाभाऱ्यात कुठून वतायचं? आप्पांनी हे पैलेच वळखलं व्हतं. म्हनले, आसा दुष्काळ येनारे की देवाला बुडवायला पानी ऱ्हानार न्हाई. तवा मला हलवा, बिशपावानी मला बी राग येतो का बगा. मला पानी लागत न्हाई. पन एकदाच हुईल हे, दोनदा हुनार न्हाई. वाया घालू नका." तो थांबला. "मागच्या खेपंला बी लोक म्हनत व्हते, हलवा. आमी दम धरला. औंदा जनावरं छावनीत हायेत, आन छावनी बी बंद व्हनारे म्हनतात. आता कावून थांबायचं? इलेक्शन हाय, ते बी खरं हाय, मी कशाला खोटं बोलू? पन ते दिवाळीला हाय. तवर मानसं गावात राह्यली तर इलेक्शन."

"मला का नाही सांगितलं?" उत्तरेश्वर म्हणाला. "आप्पांनी मला का नाही सांगितलं?"

मायच बोलली, भिंतीजवळून, सगळ्यांच्या देखत. "तुजा बाप म्हनायचा, उत्रेश्वरला सांगू नका. तो हसंल."

ओट्यावरची ती दिवाळी त्याला लख्ख दिसली. खुळे लोक, असं म्हणून आपण मोठ्यानं हसलो होतो, आणि समोरचा माणूस पाय चोळायचा थांबला होता. आणि मरताना तो टक लावून बघत होता ते पकडला जाण्याच्या भीतीनं नव्हे. आपण हसतोय का, तेवढंच तो बघत होता. उत्तरेश्वरला रडू फुटलं. ते त्यानं थांबवलं नाही, आणि थांबव असंही त्याला कुणी म्हटलं नाही. नाक पुसून त्यानं पहार फरशीच्या फटीत घातली.

फरशी सहज निघाली. खालची माती ओली, आंबट दुधाच्या वासाची होती. तिच्यात त्यानं कोपरापर्यंत हात घातला. गाडगं लागलं. तोंडाला बांधलेलं फडकं कुजून काळं झालं होतं, पण सुतळीची गाठ शाबूत होती. डाव्या हातानं मारलेली, उलटी, त्याची गाठ. त्यानं गाडगं छातीशी धरलं, ते वाटलं होतं त्याहून हलकं निघालं, आणि वळचणीखालून उंबरा ओलांडून तो आत गेला. मागून सारजाबाई आप्पांचं नाव घेऊन मोठ्यानं, भांडायच्या सुरात म्हणत होती, "राग आला का, धोंडीराम? येऊ दे! आजून येऊ दे राग! तुजं आमी काही एक ऐकलं न्हाई, तुला आत घेतला बग!" आणि बाया तिच्या मागं तसंच ओरडायला लागल्या. खड्डा बुजवून वर शेण सारवेपर्यंत त्या ओरडत होत्या, काही रडत होत्या, एकदोघी हसतही होत्या.

बाहेर आल्यावर वर कुणी बघेना. प्रत्येकाला दुसऱ्याची लाज वाटत होती. शहादेव मोबाईल बघत होता, म्हातारे तंबाखू मळत होते, आणि ऊन तसंच होतं, पांढरं, सोसायटीच्या पत्र्यावर तडतडणारं. वळचणीखाली उकललेला खड्डा उघडाच राहिला होता. उत्तरेश्वरला वाटलं, आता आपण बीडला जाऊ. दुपारची जीप आहे, उद्या तास आहे. उद्या फळ्यावर काय लिहिणार, ते त्याला समजेना. तो घरी पिशवी आणायला गेला. माय परसदारी उभी होती. घरी ठेवलेल्या एका गायीसाठी तिनं मोडून मोडून पुरवलेल्या कडब्याची छोटीशी गंज तिथं उघड्यावर होती, आणि माय तिच्याकडे बघत, मनाशी काहीतरी जुळवत होती.

"लेकरा," ती म्हणाली, "चाळीस दिवस म्हनलास न्हवं का तू?"

"हो."

"मंग ही गंज भिजंल की. नासून जाईल सगळी. आत वसरीत रचावी लागंल. मला एकटीला आता व्हत न्हाई."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, कोण सांगतंय आणि का सांगतंय ते शोधत. तिथं कडब्याची काळजी होती, दुसरं काही नव्हतं. त्यानं पिशवी खुंटीला अडकवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पेंढ्या आत न्यायला लागला. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. पेंढ्या हाताला टोचत होत्या, भुसा घामाला चिकटत होता. वसरीत पावसाच्या दिवसांत भिंतीला ओल येते तिकडच्या अंगाला त्यानं एक पेंढी लावली, मग थांबला, ती उचलली, आणि कोरड्या बाजूला रचली.